पाटीचा रंग

आधी पाय बघायचे.
तुरा नंतर, दाढी-कल्ले नंतर, अंडं सगळ्यांत शेवटी;
निळ्या अंड्याला भुलून किती जण
सरमिसळीला खानदानी समजून पैसे मोजतात.
विस्कॉन्सिनात, व्हर्नन परगण्याच्या जत्रेत
सव्वीस वर्षं कोंबड्या उलट्या धरून मी हेच सांगत आले:
अमेरौकानाचे पाय पाटीसारखे, नुकत्याच पुसलेल्या पाटीसारखे.
हिरवट दिसले, वाळुंजाच्या पानासारखे,
की समजावं, आजी-पणजीपैकी कुणीतरी कुंपण ओलांडलंय.
मग ती ईस्टर एगर. गुणी असेल,
हिरवी देईल, गुलाबीसर देईल,
पण पिंजऱ्यांच्या या रांगेत तिला जागा नाही.

तुरा वाटाण्याच्या शेंगेसारखा, तीन ओळी, अंगठ्याखाली लागतात.
कल्ले फुगीर. कानाची पाळी झाकलेली.
एवढं मी डोळे मिटून सांगेन.
रंगाचं तसं नाही.

मारेन क्वाले तेव्हा अकरा वर्षांची.
गव्हाळ कोंबडी, नाव टिल्डा,
नखं दात घासायच्या ब्रशने घासलेली,
चोचीला तेलाचं बोट.
मी टिल्डाला उजेडात नेलं, उलटी धरली
आणि कार्डावर लिहिलं: पाय हिरवट. मिश्र. बाद.
पोरगी रडली नाही. एवढंच म्हणाली,
"कुठे हिरवट?"
मी पेन्सिलीच्या टोकाने दाखवलं.
ती वाकून बघत राहिली, खूप वेळ,
बाई म्हणतात म्हणजे असणारच, अशा बेताने.

गेल्या मार्चमध्ये ला क्रॉसच्या दवाखान्यात
माझ्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला.
डॉक्टरीण म्हणाली, जुन्या वर्तमानपत्रासारखा पिवळा झाला होता,
किती वर्षं बघत होतात यातून?
घरी आले. फडताळातली ताटं निळी.
नवऱ्याचा कामाचा शर्ट,
ज्याला मी जुळता म्हणून हिरवा दोरा वापरला होता, निळा.
तो काही बोलला नव्हता. तसाच घालत होता.
खुराड्यात गेले.
डावा डोळा झाकला, मग उजवा.
एकाच कोंबडीचे पाय: पाटी. वाळुंज. पाटी. वाळुंज.
कोंबडं झाकलं तरी उजाडायचं राहत नाही म्हणतात.
उजाडलं होतं. मला दिसलं नव्हतं, इतकंच.

जुन्या वह्या काढल्या. पाय हिरवट म्हणून बाद: एकेचाळीस.
त्यांतल्या काही खरंच हिरव्या असतील.
कुठल्या, ते आता कुणी सांगायचं?

मारेनला फोन केला. ती चीजच्या कारखान्यात असते,
मागे यंत्रांची घरघर.
मी सगळं एका दमात सांगून टाकलं.
"टिल्डा?" ती म्हणाली. "ती केव्हाच गेली. म्हातारी होऊन गेली.
कार्ड मिळाल्यावर वेगळं ठेवण्यात काय अर्थ होता?
सोडली बाकीच्यांत. ग्रूवेनांचा मारान्स कोंबडा होता ना,
काळा, आडदांड, रोज आमच्याच अंगणात.
लेकी आहेत तिच्या, नाती आहेत. पाय म्हणाल, तर हवे तसले.
आता तर त्या खरोखरच मिश्र, नाही का?"
आणि हसली, अगदी मोकळं.
मी फोन धरून उभी. अकरा वर्षांनी
माझं कार्ड खरं झालं होतं.

शनिवारी तिच्या भावाने डझनभर आणून दिली.
शेवाळी, तपकिरीचा हात फिरलेली, एकावर ठिपके.
चांगल्या डोळ्याने बघितली: शेवाळीच.
एक तव्यात फोडलं.
टरफल टाकणार, तेवढ्यात खिडकीकडे धरलं,
सवयीने.
आतून निळं.
पापुद्र्याखाली, कडेपर्यंत, निळं.

तव्यातलं करपायला लागलं होतं.
डावा डोळा पुढच्या महिन्यात आहे, नऊ तारखेला.